आंबील आंबेना, की जास्तच आंबली? ज्वारीचं आंबण बिघडतं तेव्हा काय करायचं

लातूर-धाराशिवकडे येळवस, म्हणजे शेतात जाऊन पूजा-जेवण करायचा सण, येते मार्गशीर्षाच्या अमावास्येला, ऐन थंडीत. वर्षभर आंबील न करणारी घरंही तेव्हा पीठ कालवतात, आणि नेमकं तेव्हाच ते आंबत नाही. शेतात जायची वेळ होते तरी पातेल्यात नुसतं कच्चं पिठाचं पाणी असतं. मे महिन्यात याच्या उलट होतं. सकाळी कालवलेलं पीठ दुपारी फसफसून उतू गेलेलं असतं आणि नाक जवळ नेववत नाही. पीठ तेच, ताक तेच, हातही तोच असतो. बदललेलं असतं ते तापमान, पाणी किंवा विरजण. आंबिलीच्या बहुतेक तक्रारी या तिघांपाशीच येऊन थांबतात. म्हणून आधी एक सरळ पद्धत देतो आणि मग एकेका बिघाडाकडे वळू.

आंबील घरोघरी वेगळी असते. कुणी पीठ नुसत्या ताकात कालवून लगेच शिजवतं, कुणी मातीच्या बिंदग्यात दोन-दोन दिवस ठेवतं. इथे दिलेली पद्धत आंबवलेल्या पिठाची आहे, कारण शिकणाऱ्याला अडचण तिथेच येते.

साहित्य, चार-पाच जणांसाठी

ज्वारीचं ताजं पीठ १०० ग्रॅम (१५० मिलिची वाटी शिगोशीग भरली की साधारण एवढं होतं), आंबवण्यासाठी पाणी ३०० मिलि, विरजण म्हणून घरचं ताजं ताक ५० मिलि. शिजवताना ८०० मिलि ते १ लिटर पाणी. शेवटी घालायला आणखी २५० मिलि ताक, मीठ एक चहाचा चमचा, ठेचलेल्या लसणाच्या ५-६ पाकळ्या, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर हिंग, कोथिंबीर.

भांडं चिनी मातीची बरणी, काचेची बरणी किंवा स्टीलचा डबा. ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं अजिबात नको, आंबट पदार्थात धातू उतरतो. मातीचं मडकं छानच, पण त्याच्या अंगात आधीच्या आंबणाचे जंतू मुरलेले असतात. चांगलं आंबण झालं असेल तर ते मदत करतात, बिघडलेलं झालं असेल तर पुढचंही बिघडवतात. पहिल्या खेपेला काच किंवा चिनी माती बरी. भांड्याचा वरचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवा.

पद्धत

१. भांडं उकळत्या पाण्यानं विसळून पालथं घाला आणि पूर्ण वाळू द्या. पुसायला फडकं वापरू नका, स्वयंपाकघरातलं फडकं भांड्याहून अस्वच्छ असतं.

२. पाणी उकळून गार करा. थंडीत ते ३८ ते ४० अंशांवर वापरा, म्हणजे मनगटावर थेंब टाकला तर जेमतेम कोमट लागेल. उन्हाळ्यात माठातल्या पाण्याइतकं गार चालेल.

३. पिठात थोडं पाणी घालून आधी घट्ट कालवा, गुठळ्या हातानं मोडा, मग उरलेलं पाणी आणि ताक घाला. सगळं पाणी एकदम ओतलं तर गुठळ्यांच्या आत कोरडं पीठ राहतं आणि ते आंबत नाही.

४. मीठ, लसूण, हिंग आत्ता घालू नका. मिठानं आंबणं मंदावतं. कच्चा लसूण तर जंतूंना रोखणारा आहे, हवे त्या जंतूंनाही.

५. तोंडाला स्वच्छ कोरडं कापड बांधा किंवा झाकण सैल ठेवा. घट्ट झाकण लावलं तर आत वायू साठतो आणि उघडताना पीठ अंगावर येतं. काचेची बाटली बूच लावून ठेवली तर फुटूही शकते.

६. तयार झाल्यावर तळाशी बसलेलं पीठ ढवळून घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात पाण्याला उकळी आणा, आच मंद करा, एका हातानं धार सोडा आणि दुसऱ्या हातानं पळी फिरवत राहा. पुन्हा उकळी आल्यापासून १० ते १२ मिनिटं शिजवा. पिठाचा पांढरटपणा जाऊन किंचित चकाकी आली आणि कच्चा वास गेला की उतरवा.

७. बोट घालून धरता येईल इतकं निवलं की ताक घाला, मग मीठ-मसाला. उकळत्यात ताक ओतलं तर ते फुटतं आणि आंबील रवाळ होते.

सातव्या पायरीतलं ताक केवळ चवीसाठी नाही. शिजवताना आपण लिटरभर पाणी ओततो, त्यामुळे आंबणात तयार झालेलं आम्ल पातळ होतं. वरून घातलेलं ताक ते काही अंशी परत आणतं, आणि आंबील टिकते ती आम्लामुळेच.

झालं हे कसं ओळखायचं

किती तास, हा नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो. तासांचा अंदाज देता येतो: खोलीचं तापमान १८ ते २० अंश असेल तर २४ ते ३६ तास, २५ ते २८ असेल तर १२ ते १६, ३० ते ३५ ला ८ ते १०, आणि ३८ च्या वर ५ ते ७. पण हा अंदाजच. खरी खूण वासाची. चांगल्या आंबणाला दह्याच्या निवळीसारखा स्वच्छ आंबट वास येतो, त्यात कुबटपणा नसतो. वर बारीक बुडबुडे दिसतात. पीठ खाली बसून वर पिवळसर पाणी उभं राहतं. हे पाणी पाहून बरेच जण घाबरतात, पण ते तसंच व्हायला हवं.

शक्य असेल तर पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), मोजायच्या कागदी पट्ट्या आणा. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानात त्या मिळतात, खर्च फार नाही. कालवलेलं पीठ साधारण ६ च्या आसपास सुरू होतं आणि चांगलं आंबलं की ४ च्या जवळ येतं. ४.६ च्या खाली आलं की अन्नात विष तयार करणाऱ्या बोट्युलिनमसारख्या जंतूंची वाढ थांबते. शिकणाऱ्यानं ४.२ पर्यंत थांबावं, म्हणजे पट्टीचा रंग वाचण्यात चूक झाली तरी जागा उरते. चव घ्यायची असेल तर वास स्वच्छ असल्याची खात्री झाल्यावरच, आणि जिभेच्या टोकावर थेंबभर.

आंबतच नाही

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि बहुतेक वेळा कारण थंडी. दुधाचं दही करणारे आणि पीठ आंबवणारे लॅक्टिक आम्लाचे जंतू ३० ते ३७ अंशांत जोमानं वाढतात. डिसेंबर-जानेवारीत परभणीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, आणि दगडी किंवा पत्र्याच्या घरात स्वयंपाकघराचा ओटा बाहेरइतकाच गार असतो. तिथे जंतू मरत नाहीत, निपचित पडून राहतात.

अशा वेळी अनेक जण बरणी गोधडीत गुंडाळतात. गोधडी ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवते. गार पाण्यात कालवलेलं पीठ गुंडाळलं तर ते जास्त वेळ गारच राहील. म्हणून आधी कोमट पाण्यात कालवा आणि मग गुंडाळा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे थर्माकोलचा डबा. त्यात आंबणाची बरणी ठेवा, शेजारी गरम पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली ठेवा आणि झाकण लावा. पाणी ६० अंशांच्या आसपास असावं, बाटली बरणीला चिकटू देऊ नका. सहा-सात तासांनी पाणी बदला. चुलीच्या कडेला बरणी ठेवायची जुनी रीत चांगली आहे, फक्त एक बाजू तापत नाही ना हे पाहा. ४५ अंशांच्या वर गेलं तर घरच्या ताकातले बरेच जंतू मंदावतात आणि ५५-६० ला मरू लागतात. येळवशीसाठी पीठ आदल्या सकाळीच कालवलेलं बरं, रात्रीवर अवलंबून राहू नका.

ऊब पुरेशी असून १२ तासांत काही हललं नाही, तर विरजणाकडे पाहा. बाजारातलं काही पाकीटबंद ताक दही झाल्यावर पुन्हा तापवलेलं असतं, त्यात जिवंत जंतू उरत नाहीत. मसाला ताकात तर मीठही असतं. चार दिवसांचं आंबटढाण ताकही फसवतं: आम्ल भरपूर, जंतू थोडे. खात्री करायची तर चमचाभर ताक वाटीभर कोमट दुधात घालून उबेत ठेवा. सहा ते आठ तासांत दही लागलं तर ताक जिवंत आहे. लागलं नाही तर शेजारून विरजण मागा.

आणि पाणी. याकडे सहसा लक्ष जात नाही, पण मराठवाड्यात इथेच मोठा घोळ असतो. नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि टाक्यांत साठवलं जातं. गावात टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकतात. क्लोरीनचं काम जंतू मारणं आहे, ते ताकातले आणि घाणीतले जंतू निवडत बसत नाही. पाणी १० मिनिटं उघड्या भांड्यात उकळलं की क्लोरीन निघून जातो.

बोअरच्या पाण्याची अडचण वेगळी. आपल्या काळ्या बेसाल्ट खडकातलं पाणी बहुधा जड असतं, त्यात बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. हा क्षार आम्लाला गिळतो. जंतू आम्ल तयार करत राहतात आणि पाणी ते मारत राहतं. मग बुडबुडे दिसतात, वासही थोडा आंबट येतो, पण पट्टी ५ च्या खाली उतरत नाही. चहाच्या पातेल्यात किंवा गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरत असेल तर तुमचं पाणी असंच आहे. ते १०-१५ मिनिटं उकळून रात्रभर ठेवा. बराचसा चुना खाली बसतो, वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्या. आरओ फिल्टरचं पाणी असेल तर प्रश्नच नाही, साध्या फिल्टरनं क्षार जात नाहीत. तेही नसेल तर ताक ५० ऐवजी १०० मिलि घ्या आणि पाणी तेवढंच कमी करा.

वास घाण येतोय

इथे वासावासात फरक आहे. नेलपॉलिश किंवा दारूसारखा तिखट वास आला तर यीस्ट वरचढ झालं, म्हणजे जास्त वेळ राहिलं किंवा पिठात गूळ-साखर पडली. आंबिलीच्या आंबणात गोड काही घालू नका. व्हिनेगरसारखा उग्र वास म्हणजे तेच जुनं झालं. ओकारी, सडकी अंडी किंवा नाली यांची आठवण करून देणारा वास आला तर चर्चा नको, ओतून द्या.

हा शेवटचा वास का येतो हे समजून घेतलं तर तो टाळता येतो. ताक न घालता नुसतं पीठ-पाणी ठेवलं तर सुरुवातीच्या तासांत पिठावरचे आणि पाण्यातले भलतेच जंतू आधी वाढतात. ते वायू आणि दुर्गंध सोडतात. पीठ फुगतं, आपल्याला वाटतं आंबलं, पण पट्टी ५.५ वरच असते. लॅक्टिक आम्लाचे जंतू नंतर जोर धरून त्यांना हटवतात. ताकाच्या विरजणानं आम्ल पहिल्यापासूनच हजर राहतं आणि तो मधला धोक्याचा काळ फार आखूड होतो. म्हणून पहिल्या खेपेला विरजणाशिवाय प्रयोग करू नका, आणि फुगवट्याला आंबण्याची खूण समजू नका.

वर काहीतरी आलंय

पातळ, पांढरट, सुरकुत्या पडलेली साय दिसते ती बहुधा यीस्टची. अपायकारक नसते, पण आंबण उघड्यावर फार वेळ राहिल्याचं सांगते. केसाळ, मऊ, हिरवे-काळे-गुलाबी-नारिंगी ठिपके म्हणजे बुरशी किंवा त्याहून वाईट. वरचा भाग काढून खालचं वापरायचं नाही. बुरशीचे धागे दिसतात त्याहून खोल जातात. उकळल्यानं बुरशी मरते, पण तिनं सोडलेली कित्येक विषं उकळूनही टिकतात. पळीला तार धरत असेल, बुळबुळीत झालं असेल, तर वास चांगला असला तरी नवशिक्यानं टाकून द्यावं. शंभर ग्रॅम ज्वारीसाठी जीव धोक्यात घालण्यात काही अर्थ नाही.

बुरशी बरणीतच लागते असं नाही, ती दाण्याबरोबरही येते. काढणीच्या वेळी पाऊस झाला की खरिपाची ज्वारी कणसातच काळी पडते. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत अवकाळी पावसात भिजलेली बुरशीची ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले होते. त्यामागे फ्युमोनिसिन हे बुरशीचं विष असल्याचं आढळलं. काळी, गुलाबी छटेची, कुबट वासाची ज्वारी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आंबिलीला रब्बीची मालदांडी उत्तम. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोतीही पांढरी, टपोरी आणि चवीला छान.

कडवट लागते

बहुतेक वेळा पीठ जुनं असतं. ज्वारीच्या दाण्यातला अंकुर पिठात दळला जातो, त्यातलं तेल उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत खवट होऊ लागतं. चिमूटभर कोरडं पीठ जिभेवर ठेवून पाहा. आंबवल्यानं कडवटपणा जात नाही. लागेल तेवढंच दळून आणा. तांबड्या सालीच्या काही ज्वारीत टॅनिन असतं, तिची आंबील तुरट होते.

मोड आलेल्या ज्वारीचं पीठ वापरल्यानं आंबील पौष्टिक होते, असा सल्ला हल्ली फिरतो. नवशिक्यानं तो सरळ बाजूला ठेवावा. ज्वारीच्या कोवळ्या कोंभात धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यापासून सायनाइड तयार होतं. कोवळी ज्वारी चरून जनावरं दगावतात ती यामुळेच.

फारच आंबट झाली

हा बिघाड सुधारता येतो. न ढवळता वरचं पिवळं पाणी अलगद ओतून टाका, तेवढंच उकळून गार केलेलं पाणी घाला, पुन्हा पीठ बसू द्या. एकदा केलं तरी पुरेसा फरक पडतो. शिजवल्यावर आंबट ताकाऐवजी गोडसर, ताजं, पातळ ताक वापरा. खायचा सोडा मात्र घालू नका. तो आंबटपणा मारतो म्हणजे रक्षण करणारं आम्लच मारतो, आणि चव साबणासारखी होते.

पुढच्या वेळी उन्हाळ्यात विरजण ५० वरून २५ मिलि करा आणि पीठ सकाळी न कालवता रात्री दहानंतर कालवा. पहाटे पाच-सहाला ते तयार असतं, उन्हं तापायच्या आत शिजवून होतं. बरणी ओल्या पोत्यावर, वाऱ्याच्या वाटेला ठेवली तर आतलं तापमान काही अंशांनी उतरतं.

शिजवताना आणि नंतर

गुठळ्या झाल्या तर रवीनं घुसळा किंवा गाळणीतून गाळा, पुन्हा शिजवायची गरज नाही. तळाला लागली तर खरवडू नका, वरची दुसऱ्या भांड्यात काढा. गार झाल्यावर घट्ट होणं साहजिक आहे, स्टार्च आळतो. ताक घालून सैल करा.

शिजवली म्हणजे आता काही होणार नाही, हा समज घातक आहे. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू उकळीतही जगतात. कोमट पिठात ते पुन्हा वाढतात आणि त्यांचं एक विष परत उकळूनही जात नाही. म्हणून ताक न घातलेली आंबील ओट्यावर पडू देऊ नका. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववा आणि ताक मिसळा. ४० अंशांच्या दिवसात चार तासांच्या आत प्या. फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहते. शेतात न्यायची असेल तर सकाळी गार करूनच भरा, आणि बिंदग्याभोवती ओलं फडकं गुंडाळून सावलीला ठेवा. लहान मुलं, गरोदर बाया आणि आजारातून उठलेल्यांसाठी त्याच सकाळी शिजवलेली वेगळी काढा.

आंबण मनासारखं जमलं तर शिजवण्याआधी त्यातले तीन मोठे चमचे कच्चं पीठ स्वच्छ काचेच्या डबीत काढून फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभर ते ताकाच्या जागी विरजण म्हणून चालतं. तुमच्या पिठाची आणि पाण्याची सवय असलेले जंतू त्यात असल्यानं दुसरी खेप पहिलीपेक्षा लवकर लागते. डबीवर तारीख लिहा. वापरताना वास बदललेला वाटला तर ते टाकून पुन्हा ताकापासून सुरुवात करा.